सोड्यांच्या पुडीत गेलेली सही

मी एक जुनी प्रकल्पवही आहे. जुनी म्हणजे दोनच वर्षांची. पण सुकी मासळी आणि सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, विकणाऱ्या घरात कागदाला एवढं आयुष्य मिळणं म्हणजे थोरवीच.

मित्रांनो, आरोंद्याच्या दिव्याने मला तालुक्याच्या कॉलेजात पर्यावरण विषयासाठी घेतलं. विषय सगळ्यांना सक्तीचा, म्हणून कुणाच्याच आवडीचा नाही. दिव्याही आधी नाक मुरडून खाडीकाठी गेली. मग तिवरांच्या मुळांशी खेकडे मोजता मोजता रमली. प्राजक्ता मॅडमनी माझी पानं वर्गात वाचून दाखवली आणि शेवटच्या पानावर सही-शिक्का केला. त्या दिवशी मी फुगले होते, आणि ते दमट हवेमुळे नव्हे.

परीक्षा झाली. "संपली एकदाची वही!" म्हणत दिव्याने मला फळीवर टाकलं. ते तिच्या आईने, चंद्रावतीने, ऐकलं.

यंदा दिव्याला तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात समुद्रजीवशास्त्र शिकायला जायचं होतं. सगळे विषय जुळले. पण मार्कशीटवर पर्यावरणापुढे नुसती रेघ! ती दोन क्रेडिटं नसतील तर प्रवेश नाही. कॉलेज म्हणालं, दुरुस्तीला महिना लागेल. विद्यापीठ म्हणालं, शुक्रवारपर्यंत सहीची मूळ वही दाखवा.

दिव्याने मला उघडलं. शेवटची चार पानं नव्हती.

"आये, हयली पानां खंय गेली?"

"पुडयेक लावलंय. तूच म्हटलंस मां, संपली म्हणान! माका काय म्हायत?"

दिव्या रडायला लागली. चंद्रावतीने मात्र डोळे मिटले. कुठलं गिऱ्हाईक काय घेऊन गेलं, हे ती कधी विसरत नाही. "रडू नको. शिक्क्याच्या कागदात सोडे बांधलंय, भिकाजी नानांका. पावसाची बेगमी ती. आषाढ लागल्याबगर नाना डबो उघडणत नाय."

मायलेकी धावत नानांच्या दारात. डबा निघाला. पुडी तशीच होती!

"आधी दुसरो कागद दी," नाना म्हणाले. "पुडी सोडशीत, मगे सोडे काय मी हातात धरून बसू?"

पान खळीने चिकटवून दिव्या मला विद्यापीठात घेऊन गेली. प्रवेश कक्षातल्या सुदेश सरांनी तारीख, शिक्का, सही भिंगाखाली धरावी तशी तपासली. मग थांबले.

"वास कसला येतोय?"

"सोड्यांचा, सर."

त्यांनी पुन्हा हुंगलं. "खंयचां गो तू?"

"आरोंद्याचां."

"मी कसालचो." मग खाकरून पुन्हा साहेबी मराठीत म्हणाले, "सगळं बरोबर आहे. दोन क्रेडिटं मान्य. प्रवेश निश्चित."

दिव्याने बाहेर येऊन फोन लावला. "आये, झाला!" पलीकडे चंद्रावतीने नाक शिंकरलं आणि ती म्हणाली, "जेवलंस?"

आता मी वसतिगृहाच्या कपाटात, कपड्यांपासून जरा लांब राहते. मित्रांनो, पासापुरत्या विषयाची वहीसुद्धा जपा. कुठलं पान कधी दार उघडेल, सांगता येत नाही. आणि 'संपली' म्हणायचंच असेल, तर जरा हळू म्हणा. घरातली माणसं तुमचा शब्द खरा मानतात.