बैठकीत फिरलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. लातूरच्या एका दवाखान्यात जिन्याखाली मी धूळ खात पडले आहे, पण एके काळी माझा काय रुबाब होता! लोक मला डोक्याची पट्टी काढायची मशीन म्हणत. माझ्या एकवीस तारा डोक्याला चिकटवल्या, की मेंदूत उठणाऱ्या लाटा मी रेघांनी काढून दाखवत असे. मनातलं मला कळत नाही बरं का. त्या अर्ध्या तासात मेंदू कसा चालला, एवढंच मी सांगते.

मला चालवायचे शरणप्पा. निलंग्याकडचे, हाताने हलके आणि तोंडाने तिखट.

एकदा देवणीजवळच्या खेड्यातून शेषेराव आणि नीलाबाई आपल्या तनुजाला घेऊन आले. सतरा-अठरा वर्षांची पोर. बोलता बोलता ती थिजायची, जळका वास येतो म्हणायची, काहीबाही बडबडायची आणि नंतर तिला काहीच आठवायचं नाही. गावाने ठरवून टाकलं, पोरीला बाहेरचं लागलंय. दोन वर्षं अंगारे-धुपारे झाले. मग कुणीतरी वेड ठरवून गोळ्या दिल्या, त्यांनी ती नुसती सुस्तावली.

पोरीचं डोकं थंड राहावं म्हणून नीलाबाईंनी ते करडीच्या तेलाने चोपडून आणलेलं! माझ्या तारा टिकेनात. शरणप्पा म्हणाले, हे डोकं आहे का भज्याची कढई? दोनदा साबणाने धुवायला लावलं. मग तनुजाला झोप लागली, आणि कानाजवळच्या तारांतून टोकदार रेघा एकामागून एक उसळल्या. बाहेरचं नव्हतं, वेडही नव्हतं. मिरगीचा एक प्रकार होता. खरं सांगते, त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

गोळ्या बदलल्या. तनुजा हसू-बोलू लागली, बारावी पास झाली. वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा पट्टी काढायला लावली. या वेळी रेघा कशा अगदी शहाण्यासारख्या चालल्या होत्या. तारा काढताना तनुजाने हळूच विचारलं, "काका, गोळी सोडली तर चालंल का?"

"अजिबात न्हाई. गोळी हाय म्हणून रेघ अशी हाय."

"मग बाबाला तुम्हीच सांगा. लगीन जमवायलेत. माझं ऐकत न्हाईत."

शरणप्पा म्हणाले, डॉक्टर सांगतीलच. बाहेर गर्दी होती, त्यांनी पुढचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी सांगितलंही, पट्टी नॉर्मल आहे, पण गोळी तोडायची नाही. पण शेषेरावांच्या कानात एकच शब्द राहिला, नॉर्मल.

पुढे मुदखेडला सोयरिकीची बैठक बसली. पोरीला बाहेरचं आहे ही आवई तिथवर पोचली होतीच. शेषेरावांनी खिशातून माझा कागद काढला आणि तो वडीलधाऱ्यांच्या हातातून फिरला. सोयरीक पक्की झाली. आता नॉर्मल पोरीच्या बॅगेत गोळ्या सापडल्या तर लोक काय म्हणतील? तनुजा सासरी गेली, गोळ्या माहेरच्या कोनाड्यात राहिल्या.

लग्नाला सव्वा महिना झाला नव्हता. तनुजा शेतातल्या हौदावर एकटीच धुणं घेऊन गेली. हौदात मांडीइतकंसुद्धा पाणी नव्हतं. तिथेच तिला मिरगीचा झटका आला आणि ती त्यातच बुडून गेली.

हे सगळं मी शेषेरावांच्या तोंडून ऐकलं. तो कागद घेऊन ते थेट आमच्या खोलीत आले होते. "मशीननं नॉर्मल लिहिलं व्हतं ना?" एवढंच ते विचारत राहिले.

शरणप्पांनी हातातल्या तारा खाली ठेवल्या. "पोरीनं मला सांगितलं व्हतं, बाबाला सांगा म्हणून. मी न्हाई सांगितलं."

शेषेरावांनी कागद माझ्यावर ठेवला आणि ते निघून गेले. त्यानंतर शरणप्पा आधी घरच्यांना आत बोलवायचे, गोळीचं त्यांच्याकडून वदवून घ्यायचे, तेव्हाच तारा काढायचे. ते निवृत्त झाले, नवी मशीन आली आणि मी जिन्याखाली आले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. मी आता थकले. पण तुमच्या घरात कुणाची गोळी चालू असेल, तर ती लपवू देऊ नका. पाहुण्यांसमोर ताटाशेजारी ठेवा आणि पाणी तुम्ही द्या. तनुजाचा कागद शरणप्पांनी माझ्या झाकणाखाली ठेवला, तो अजून तिथेच आहे. त्यावरची एकही रेघ खोटी नाही, आणि तेच मला सोसत नाही.