लोखंडी कपाटातला राउटर

मी राउटर बोलतोय, तेही बंद लोखंडी कपाटातून; तेव्हा जरा कान देऊन ऐका. या घरात नेट पोचवतो तो मीच, आणि कॉम्प्युटरवरचं चित्र अडलं की शिव्या खातो तोही मीच.

कारखान्यात शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझे सगळे दिवे लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हा एकदम ठणठणीत." खोक्यात माझ्यासोबत एक लांब पिवळी वायर दिली, मला थेट कॉम्प्युटरला जोडता यावं म्हणून.

बसवायला आलेल्या माणसानं मला बाहेरच्या खोलीत उंच फळीवर ठेवलं. आठ दिवस काय ऐट होती माझी! मग घरच्या सूनबाईंना माझे लुकलुकणारे दिवे खुपायला लागले. "कोणी आलं तर बरं दिसतं का हे?" म्हणत त्यांनी मला कपाटात कोंबलं, धूळ बसू नये म्हणून वर भरतकामाचा रुमाल घातला आणि दार लावून टाकलं. पिवळी वायर "नवी कोरी आहे, राहू दे जपून" म्हणून खणात गेली. तिची पिशवीसुद्धा अजून फोडलेली नाही.

आता मला सांगा, लोखंडात कोंडल्यावर माझा आवाज बाहेर जाणार कसा? पलीकडच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत तो तुटक तुटक पोचतो. चित्र आधी थोडं साठवायचं आणि मग दाखवायचं, ही कॉम्प्युटरची रीत. साठाच संपला की तो बिचारा गोल चक्र फिरवत बसतो. आणि खापर फुटतं माझ्या डोक्यावर!

आज तर कहर झाला. घरातले आजोबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. त्यांची नात पोहते. ती सात वर्षांची असल्यापासून तिची प्रत्येक शर्यत आजोबांनी काठावर उभं राहून आपल्या स्टॉपवॉचवर मोजली. या वर्षी शर्यत दूरच्या शहरात आणि आजोबांचे गुडघे धरलेले. "तू पोह गं, वेळ मी इथून मोजतो," असा त्यांनी तिला शब्द दिला होता.

सकाळी पहिली फेरी होती. नातीनं सूर मारला, आजोबांनी बटण दाबलं, आणि पोर हवेतच थांबली. चक्र फिरायला लागलं. हातातलं स्टॉपवॉच मात्र टिकटिकत राहिलं. चित्र परत आलं तेव्हा ती टॉवेलनं केस पुसत होती.

"बाबा, हा राउटरच भंगार आहे," सूनबाई कडाडल्या. "उद्याच फेकून देते."

थोड्या वेळानं नातीचा फोन आला. "आजोबा, अंतिम फेरीत आले मी! तुमच्या घड्याळात किती सेकंद भरले?"

"अगं, माझं घड्याळ थांबवायचंच राहिलं," आजोबा हळूच म्हणाले. ऐकून माझा नुसता संताप झाला.

दुपारी ते स्टॉपवॉचला तेल घालायला म्हणून या कपाटातली बाटली घेऊन गेले. दार उघडं राहिलं, आणि तिकडे चित्र सरसर धावू लागलं! "बाबा, लागलं हो!" सूनबाई आनंदानं ओरडल्या. त्याच आनंदात इकडे आल्या, सवयीनं दार लोटलं, मूठ फिरवली. चित्र पुन्हा थिजलं. "बघा, याचं हे असं!" म्हणे.

आजोबा, तुम्हाला तरी कळायला नको? परवाच शेजारच्या काकू बंद घड्याळ घेऊन आल्या, तेव्हा याच खोलीत तुम्ही म्हणालात, "घड्याळाला नावं ठेवू नका, तुम्ही ते ठेवता कुठे ते आधी सांगा." ते रेडिओच्या स्पीकरवर ठेवलेलं असायचं, आणि स्पीकरमधल्या लोहचुंबकानं ते बंद पडायचं. मग माझ्याबद्दल एवढा एक प्रश्न कोणाला का विचारला नाहीत?

पाच वाजता अंतिम फेरी आहे. पाचला चार मिनिटं कमी आहेत. आजोबांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलंय, अंगठा बटणावर ठेवलाय. उद्या मला खुशाल फेकून द्या, पण आज एवढं ऐका. कपाटाला कुलूप नाही, नुसती मूठ फिरवायची आहे. उठा ना, आजोबा!