डोक्यावरची शपथ

शपथ.

उलटीचा आंबूस वास अजून फरशीवर होता आणि घरात सभा भरली होती.

"ठेव पोरीच्या डोक्यावर हात," थोरला भाऊ म्हणाला. "म्हण, पुन्हा पिणार नाही."

धाकट्याने, बॉयलरवाल्याने, हात ठेवला.  खाली पोर अंग चोरून उभी होती.

"आता पितो कसा बघू!"

असं याआधीही झालं होतं. बायको फरशी पुसत राहिली. तिला नवऱ्याची शिसारी आली होती.

शिट्टी.

कारखान्यात बॉयलर फुटला, डोळ्यांदेखत जोडीदार गेला. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली की हा न्हाणीघरात दडायचा. डोळा लागला की किंचाळत उठायचा. प्यायला की झोपायचा. घराला बाटली दिसत होती. शिट्टी ऐकू येत नव्हती.

आठवडा सरायच्या आत तो पुन्हा पिऊन आला.

ओकारी.

सकाळी मुलगी अंथरुणातून उठेना.

"आई, मी आज मरणार का गं?"

"काय बोलतेस हे!"

"बाबांनी शपथ मोडली ना, माझी. त्यांना 'सुटली' म्हणायला सांग. आम्ही खेळताना म्हणतो. मग काही होत नाही."

छी! बायकोने लेकराला कुशीत ओढलं. या वेळी तिला आलेली शिसारी नवऱ्याची नव्हती. लेकराचं डोकं पुढे करणाऱ्या घराची होती. तिची स्वतःची होती!

दवाखाना.

बायकोने नवऱ्याला आणलं, सगळं सांगितलं.

"शपथ घातलीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "तापाला घालता कधी?"

"पण मनावर घेतलं तर सुटते हो," भाऊ म्हणाला.

"मनालाच तर मार लागलाय! मोडक्या पायाला पळ म्हणताय तुम्ही. आणि दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. त्यांना दाखल करा. दारू आणि ती भीती, इलाज दोन्हींवर एकत्र. मध्ये घसरले तर शिव्या देऊ नका, परत इथे आणा."

भावाने दाखल करायच्या कागदावर सही केली.

खाटेवर बॉयलरवाल्याने मुलीला जवळ घेतलं. तिचं म्हणणं बायकोने त्याला सांगितलं होतं.

"सुटली," तो म्हणाला.

"दारू?" भावाने आशेने विचारलं.

"नाही, दादा. शपथ."

मुलगी खुदकन हसली. भावाने मान खाली घातली.

मंडळी, दारू सुटायला वेळ लागेल. पण आजाऱ्याला शपथा घालायची आपली घाणेरडी खोड आजच सुटू शकते. त्याला दवाखान्याची वाट दाखवा. लेकरांच्या डोक्यावर फक्त मायेचा हात ठेवा!