गौरम्माच्या अंगावरच्या फुल्या

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि पावसानं दडी मारली होती. चाकूरकडच्या एका गावातून नांदेडला निरोप आला, की भानामती झाली आहे. सिंधु सोनकांबळे नांदेडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि सुट्टीत असली प्रकरणं तपासायची. आतापर्यंतच्या अकराही ठिकाणी कुणाचा तरी हात सापडला होता. तिनं प्रत्येक वेळी गावासमोर नाव घेतलं होतं.

इथं दुकानदार गुरुपादप्पांच्या सुनेच्या, गौरम्माच्या, अंगावर काळ्या फुल्या उठत होत्या. गावानं शेजारी एकट्या राहणाऱ्या सरजाबाईवर ठपका ठेवला. सोमवारी बैठक घेऊन तिला गावाबाहेर काढायचं ठरलं. सिंधुला पहिला संशय गुरुपादप्पांचा आला, कारण सरजाबाईच्या जागेत त्यांना दुकान वाढवायचं होतं.

मग तिनं फुल्या नीट पाहिल्या. सगळ्या डाव्या हातावर आणि पायांवर होत्या. पाठीवर एकही नव्हती. औषध म्हणून तिनं गौरम्माच्या उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी बांधली. दोन दिवस नवी फुली उठली नाही. घरातल्या उतरंडीमागे चिंधीत गुंडाळलेला बिब्बा मिळाला; त्याचं तेल कातडीला लागलं की काळे डाग उठतात.

गौरम्मानं नाकारलं नाही. "चार महिने झाले, पहाटपासून पाणी वाहायलेय," ती म्हणाली. "पोटातलं गेलं तरी कोणी थांब म्हणलं न्हाई. हे काळं उठलं तवा घागर सुटली. सरजाबाईचं नाव मी न्हाई घेतलं."

"पण घेतलं तेव्हा गप्प बसलीस."



रविवारी सिंधुनं स्वतःच्या हातावर बिब्ब्यानं फुली काढली. सोमवारी बैठकीत तो सुजलेला हात दाखवला आणि सांगितलं, की यात सरजाबाईचा काही संबंध नाही. मग फुल्या कुणी काढल्या, असं लोकांनी विचारलं. ते सांगायला तिनं नकार दिला. या तपासणाऱ्या बाईला फितवलंय, अशी कुजबुज झाली; पण सरजाबाईला काढायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

गुरुपादप्पा सिंधुला एसटीपर्यंत सोडायला आले. सुनेचाच हात ना, एवढंच त्यांनी विचारलं. सुनेला पाण्याला पाठवू नका, सिंधु म्हणाली, आणि तिच्या अंगावर मारल्याचा एक वळ दिसला तर मी पोलिसांना घेऊन येईन.

पंधरा दिवसांनी ती न कळवता आली. गुरुपादप्पांच्या दारात पाण्याचं लोखंडी पिंप लादलेली बैलगाडी उभी होती. गौरम्मा धान्य पाखडत होती. तिच्या अंगावर वळ नव्हते.

शेजारच्या घरी सरजाबाई म्हणाली, "आता तोंडावर कोणी बोलत न्हाई. पण माझं नाव चारचौघांत घेतलं, अन् करणाऱ्याचं तुम्ही झाकलं. का?"

सिंधुनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सरजाबाईनं ऐकून घेतलं. चहाचं विचारलं नाही.