नऊ खुर्च्यांचे टेबल

मी एक जुने, लांबलचक टेबल आहे, मित्रांनो. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात न्यायाधीश माझ्यामागे बसतात. सुतारकाकांनी मला घडवले, तेव्हा खुर्च्या नऊ होत्या. एकाच झाडाच्या फळ्या, एकही खिळा नाही! येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवी आणि मी हरखून जाई.

पण खुर्च्या किती, हे साध्या कायद्याने ठरे. एका सरकारला निकाल रुचेनात. त्याने आपल्या मर्जीचे चार न्यायाधीश वाढवले. मला शेपूट जोडले. पुढच्या सरकारने रिकाम्या जागा भरल्याच नाहीत, खुर्च्या सातवर आणल्या. करवत चालली. शेपूट गेलेच, माझा मूळचा दोन खुर्च्यांएवढा तुकडाही गेला. काकांनी तो गुपचूप घरी नेला.

लोक हसत, "सरकार कुणाचं ते कळायला टेबल मोजा की!" ते हसणे मला करवतीहून जास्त लागे.

यंदा पंधरा खुर्च्यांची टूम निघाली. काका करवत घेऊन आले, पण सकाळभर नुसती धारच लावत बसले. त्याच दिवशी संसदेत घटनादुरुस्तीवर मतदान होते.

झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, धार लावताय की तिला अंगाई गाताय?"

"गातोय, बाई. आता आठ खुर्च्यांचं परकं शेपूट जोडलं, तर हे मधोमध मोडेल."

इतक्यात शिपाई धापा टाकत आला. "नऊ! घटनेतच लिहिलं, नऊ! दोन्ही बाजूंनी हात वर करून मत दिलं!"

आज तुमचे चार, उद्या आमचे सहा, याला दोघेही विटले होते. आता कुणा एका सरकारला आपल्या मर्जीने आकडा बदलता येणार नव्हता.

काकांनी करवत खाली ठेवली आणि जमिनीवरच बसकण मारली. मग उठून तडक घरी गेले. काकू त्या तुकड्यावर इस्त्री करीत.

"अहो, मी इस्त्री कुठं करू?"

"चुरगळलेलं घालीन, पण हे दे!"

तुकडा जुळला, रेषेला रेष मिळाली. अंग कसे हलके झाले! नवव्या खुर्चीसमोर इस्त्रीचा तपकिरी डाग आहे. तो काकांनी मुद्दाम घासला नाही.

मित्रांनो, माझ्यावर ओले पेले ठेवू नका, नावे कोरू नका. आणि निकाल आवडला नाही, तर भांडा, लिहा, पुन्हा दाद मागा. करवत मात्र आणू नका.