पुढचा बाक

घरी तो आजोबा, कामावर भोंगा. खरं नाव आठवत असेल तर त्याच्या थोरल्या बहिणीला, आणि तिलाही आता फारसं काही आठवत नव्हतं. खेळांच्या बागेत आकाशपाळणा चालवायचं त्याचं काम. एका हातात पाळण्याचा दांडा, दुसऱ्या हातात माईक. पाळणे चालवणारे पुष्कळ असतात, पण लोक लांबून यायचे ते भोंग्याची जीभ ऐकायला.

जो कुणी रांगेतून मागे फिरे, त्याची धडगत नसे. “अहो निळा शर्ट! बायको वर चालली आणि तुम्ही खाली तिची पर्स राखताय होय?” सगळी बाग हसायची, निळा शर्ट मुकाट्यानं पाळण्यात जाऊन बसायचा. एकदा एक जाडजूड गृहस्थ चढता चढता उतरला, तोंड पांढरंफटक. भोंगा म्हणाला, “साहेबांना दुधाची बाटली आणा रे कुणीतरी!” त्या गृहस्थाचा मुलगाही हसला. गृहस्थ हसला नाही. भोंग्यानं ते पाहिलं आणि विसरून गेला.

“काका, तुम्ही स्वतः बसता का हो कधी?” असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे. “पाळणेवालाच वर जाऊन बसला तर खाली कोण, तुझा सासरा उभा राहणार?” की पुन्हा हशा. त्या हशाखाली एक गोष्ट झाकलेली होती. भोंगा उभ्या जन्मात कुठल्याच खेळात बसला नव्हता. शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या की तिला घट्ट धरून तो तिथंच थांबायचा. घरातला दिवा गेला तर गुडघ्याचं निमित्त सांगून तो सूनबाईला चढवायचा.

त्या वर्षी बागेच्या मागच्या अंगाला उंच पत्रे उभे राहिले. आत नवा खेळ येत होता, ‘वावटळ’ नावाचा. ताडपत्रीखाली झाकलेले अजस्र भाग ट्रकमधून आत जात. पत्र्यांच्या वर लोखंडी डोंगरानं डोकं काढलं, आणि बागेत दुसरा विषयच उरला नाही. फुगेवाला सांगायचा, “वर गेली की गाडी उलटी होते.” फुगेवाल्याची बायको म्हणायची, “गाडी कसली उलटी होतेय! बसणाऱ्याला होईल.”

पण सगळ्यांत जास्त वाट पाहिली ती भोंग्याच्या नातीनं. एका जागी म्हणून टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती आजोबांकडे यायची आणि पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं त्याला डोळा लावायची. “आजोबा, आज रूळ वळवला! आजोबा, गाडी लाल आहे, तिला नाकसुद्धा आहे!” फाटकापाशी उंचीची रेघ होती. त्या रेघेला डोकं लागल्याशिवाय वावटळीत प्रवेश नव्हता. भिंगरी रोज तिथं उभी राहून टाचा उचलायची, आणि भोंगा रोज तिच्या टाचा खाली दाबायचा. “लबाडी नको. आपल्या घरात चालत नाही.”

एके दिवशी टाचा न उचलता डोकं रेघेला लागलं. भिंगरीनं तिथल्या तिथं गिरकी मारली आणि आजोबांचा हात धरला.

“आपण दोघं. अगदी पुढच्या बाकावर. वचन?”

“वचन,” भोंगा म्हणाला. लांबच्या गोष्टीला हो म्हणायला कुणाचं काय जातं?

लांबची गोष्ट जवळ आली. लोकांसाठी खेळ सुरू व्हायच्या आदल्या सकाळी कामगारांच्या घरच्यांना पहिली फेरी मिळणार होती. सगळे आले. वायरमनच्या जुळ्या मुली आल्या, त्या भिंगरीच्याच वर्गातल्या. सूनबाई मात्र कामावर गेली होती. मॅनेजर टाळ्या वाजवत म्हणाला, “पुढचा बाक भोंगाकाकांचा! आज काकांची जीभ वरून ऐकू द्या.”

भोंगा हसला. हसत हसतच बसला. भिंगरी शेजारी अशी बसली की जणू सिंहासनच. छातीवर आडवा दांडा खाली आला, कट्कन बसला. समोर रूळ सरळ आभाळात चढलेला. भोंग्यानं एकदाच वर पाहिलं. कानांत शिट्टी वाजू लागली, तळवे ओले झाले, आणि त्यानं नातीचा हात असा आवळला की तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

“थांबवा!” तो ओरडला. “थांबवा, थांबवा!”

वावटळीवर एक नवी मुलगी ऑपरेटर होती. तिनं लगेच दांडा वर घेतला. “काय झालं काका?”

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. फुगेवाला, वायरमन, मॅनेजर. या सगळ्यांनी इतकी वर्षं त्याच्या विनोदांना हसून दाद दिली होती. आणि भोंग्याच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, शब्द निघाले.

“पोरगी घाबरली हो. हात बघा कसे गार पडलेत तिचे.”

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं गणित सुटत नसलं की पाहायची, तसं. मग तिनं त्याच्या ओल्या तळव्याकडे पाहिलं, आणि तिला ते सुटलं.

“हो,” ती म्हणाली. “मला भीती वाटली.” आणि उतरली.

पुढच्या बाकावर जुळ्या बसल्या. किंचाळत गेल्या, किंचाळत आल्या, केसांची झाडं झालेली. “घाबरट भिंगरी! एवढी उड्या मारत होतीस, आणि गाडी हलायच्या आधीच टरकलीस! शाळा भरली की वर्गात सगळ्यांना सांगणार.” भोंगा शेजारीच उभा होता. मग तो आपल्या पाळण्याकडे चालू लागला.

संध्याकाळी घरी सूनबाईला कुणाकडून तरी कळलं. ताटं वाढता वाढता तिनं लेकीला धारेवर धरलं. “वर्षभर माझं डोकं खाल्लंस आणि ऐन वेळी अवसान गळालं? आजोबांचीही फेरी घालवलीस. त्यांना काय वाटलं असेल?”

भिंगरी खाली मान घालून जेवत राहिली. भोंग्यानं घास ताटातच ठेवला. आत्ता बोलावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो पाणी प्यायला आणि म्हणाला, “जाऊ दे गं, लहान आहे.” म्हणजे जखमेवर आणखी मीठ, आणि तेही मोठेपणा दाखवून.

हात धुताना भिंगरी त्याच्याजवळ आली, हळूच म्हणाली, “आजोबा, मी कुणाला सांगणार नाही हं.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याच्यासाठी दुधाची बाटली मागवली होती तो जाडजूड गृहस्थ आता भोंग्याला लख्ख आठवला. त्या माणसानं तरी आपली भीती आपल्याच तोंडावर मिरवली होती. पोराच्या गळ्यात बांधली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि बागेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मॅनेजरनं भोंग्याला पाळण्यावरून काढून वावटळीच्या माईकवर उभं केलं. पहिल्या दिवशी तोच आवाज हवा होता. भिंगरी येईना. सूनबाईनं तिला जवळजवळ ओढतच आणलं. “मी बसते तुझ्याबरोबर. भीती अशीच मोडते.” भोंग्यानं ऑपरेटर मुलीला खूण केली, आणि त्या दोघींना पुढचा बाक मिळाला. रांगेत वायरमनच्या जुळ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

आता बोलू, दांडा बसायच्या आधी बोलू, असं म्हणता म्हणता दांडा बसला. गाडी हलली, चढणीला लागली, साखळीचा खडखडाट सुरू झाला. भोंगा माईक धरून उभाच.

तेवढ्यात रांगेतून एक तरुण हळूच मागे सरकला. बरोबरच्या मित्रांनी आरडाओरडा केला. “भोंगाकाका, बघा पळाला! घ्या त्याला!” सगळी रांग कान टवकारून थांबली. भोंग्याच्या जिभेवर सवयीनं काहीतरी आलंही होतं.

“जाऊ द्या त्याला,” तो माईकवर म्हणाला. “तो निदान स्वतःच्या पायानं चाललाय. मी काल या गाडीत बसलो आणि गाडी हलायच्या आधीच माझी गाळण उडाली. आणि नातीचं नाव पुढं केलं. ती घाबरली नव्हती. मी घाबरलो.”

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हशाची लाटच उसळली. “काय विनोद टाकलाय काकांनी!” “भोंगा घाबरला म्हणे!” फुगेवाला तर पोट धरून हसत होता. तो पळणारा तरुणही हसत परत रांगेत आला. भोंगा म्हणाला, “अहो, खरंच सांगतोय,” त्यावर आणखी जोरात हसले. आयुष्यभर थट्टाच विकली होती. आता खरं बोललेलं कोण घेणार?

गाडी वरून कोसळली, गर्जत एक वळसा घालून खाली आली. भिंगरी उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते, रिबीन कुठल्या कुठं गेली होती. ती धावत त्याच्याकडे आली.

“आजोबा, वर शब्द ऐकू येत नव्हते. खाली सगळे एवढे का हसत होते? काय म्हणालात?”

जुळ्या कान देऊन मागंच उभ्या होत्या. भोंग्याच्या हातात माईक होता. त्यानं तो बंद करून खाली ठेवला आणि पायरीवर टेकला.

“काल तू घाबरली नव्हतीस,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो. आणि नाव तुझं सांगितलं.”

या वेळी कुणी हसलं नाही. एका जुळीनं विचारलं, “एवढे मोठे असून?”

“एवढा मोठा असून.”

भिंगरीनं त्याचा तळवा उलटा करून पाहिला. आजही ओलाच होता. तिनं तो आपल्या फ्रॉकला पुसला आणि सोडून दिला.

“मग आईला पण सांगा,” ती म्हणाली. “ती मला बोलली.”

सूनबाई केस सारखे करत, अजून हसतच, पायऱ्या उतरत होती. भोंगा उठला. शिडीवर धरतो तसा त्यानं पायरीचा कठडा घट्ट धरला. तसाच तो तिच्याकडे निघाला.