बंद करण्याचा मान

वीज ही आधुनिक संस्कृतीची जीवनवाहिनी असून तिच्यावाचून माणूस क्षणभरही जगू शकत नाही. आमचं गाव तिच्यावाचून रोज जवळजवळ अर्धा दिवस जगतं आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे.

उदगीरहून देवणीला जाताना वाटेत आमचं गाव लागतं. इथं वीज कंपनी म्हणजे दगडोबा. कंपनीला साहेब आहेत, मुंबईत इमारतही आहे म्हणतात. पण खांबावर चढताना दिसतो तो लाइनमन दगडोबाच. चैत्रातल्या महादेवाच्या यात्रेत त्याला फेटा बांधतात. पाहुण्यांना वाटतं, वर्षभर वीज दिल्याबद्दल. तसं नाही. पालखीपुढे नंदीची काठी नाचवत नेतात. ती चार पुरुष उंच, टोकाला पितळी कळस. वेशीपासून देवळापर्यंत हा कळस विजेच्या तारांना घासत जातो. म्हणून काठी निघण्याआधी दगडोबा डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज काढतो, हात वर करून सगळ्यांना दाखवतो आणि मग हलगी वाजते. फेटा मिळतो तो वीज बंद केल्याबद्दल. कंपनीच्या मुख्य कामाचा असा जाहीर सत्कार राज्यात दुसरीकडे कुठं होत असेल असं वाटत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आमच्या गावात सोलार आलं. पाणी नव्हतं, पण ऊन मुबलक होतं, तेव्हा कुण्या संस्थेनं आमच्या या संपत्तीची दखल घेतली. देवळाच्या सभामंडपावर आणि शाळेवर प्लेटा बसल्या, शाळेच्या एका खोलीत कपाटाएवढी बॅटरी आली. कंपनीची वीज गेली की बॅटरीतली वीज त्याच तारांमधून घरोघर जायची. या सगळ्यावर सिंधु नावाची तरुण इंजिनिअर नांदेडला बसून मोबाइलवर लक्ष ठेवायची.

पहिला परिणाम दगडोबाच्या घरी झाला. पूर्वी वीज गेली की लोक त्याला फोन करून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत. आता फोन वाजेना.

"अवो, मोबाइल बिघडला का तुमचा?" बायको गुणाबाईनं विचारलं.

"न्हाई. लोक बिघडले."

दुसरा परिणाम यात्रा कमिटीच्या बैठकीत झाला. कमिटीचे प्रमुख माणिकप्पा, उदगीरच्या मोंढ्यातले अडते. ते सोयाबीन आणि माणूस दोन्ही हातात घेऊन पारखतात.

"दगडोबा," ते म्हणाले, "तू फ्यूज काढलास तरी तारेत बॅटरीची वीज राहणारच. ती बंद करणार नांदेडच्या मॅडम, मोबाइलवरून. मग फेटा कुणाचा?"

"पर खांबावर मीच चढायलो की, मालक."

"हाव, चढ. कुणी नको म्हनलंय? तब्येतीला चांगलं असतंय."

कुणीतरी म्हणालं, उदगीर जिल्हा होणार आहे, तेव्हा फेटा नव्या कलेक्टरसाठी राखून ठेवावा. आमच्याकडे नवा जिल्हा दर सव्वीस जानेवारीला हॉटेलात जाहीर होतो आणि सत्तावीसला लातूर होतं तेवढंच राहतं. म्हणून तो विषय तहकूब झाला. शेवटी ठरलं, फेटा मॅडमना. दगडोबाला टॉवेल-टोपी आणि नारळ. टॉवेल-टोपी आमच्याकडे निवृत्त होणाऱ्यांना देतात. दगडोबा उठला आणि चहाही न पिता गेला. चहा फुकट होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्याला किती लागलं होतं ते कळतं.

यात्रेला थोडे दिवस राहिले असताना सिंधु नांदेडहून जीप करून आली. प्लेटांची वीज निम्म्यावर आली होती आणि दर सोमवारी आणखी थोडी घसरत होती. ती शिडीनं सभामंडपावर चढली. प्रत्येक प्लेटवर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, मधे कुंकू, वर बेलाचं पान. ओल्या विभूतीवर दुष्काळाची धूळ बसून तिचा गिलावा झाला होता. माणिकप्पांच्या आई शरणम्मा कोपऱ्यात विभूतीची परात घेऊन जुन्या पट्ट्यांवर नवे ओढत होत्या.

"अव्वा, हे काय केलंत?"

"सूर्याचं घर हाय बाई ते. कोरं कपाळ कसं ठेवावं?"

"पण वीज कमी होते यानं!"

"भस्मानं कमी व्हतीय? तुझी वीजच कच्ची असंल."

प्लेटा धुवायच्या तर टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि ते पाणी प्लेटांना घातलं असतं तर गावानं सिंधुलाच जीपसकट नांदेडला धाडलं असतं. कोरड्या फडक्यानं खरवडायचं तर महादेवाची विभूती पुसायला कुणी तयार होईना. सिंधुनं स्वतः फडकं उचललं, तेव्हा माणिकप्पा खालून ओरडले, "मॅडम, तुमी जाताल निघून. आमाला ऱ्हायचंय हितं!"

खाली दगडोबा उभा होता.

"म्या पुसतो," तो म्हणाला. "पर यात्रेच्या दिवशी ते बंद करायचं बटण माझ्या मोबाइलवर पायजे."

"पाप लागंल की रं," माणिकप्पा म्हणाले.

"मालक, म्या कंपनीचा माणूस. एवढ्या शिव्या खाल्ल्या, एक लागली न्हाई. हे काय लागतंय?"

सिंधुनं विचार केला. वीज कंपन्यांचं काम यापुढं वीज विकण्याचं कमी आणि गावोगावची वीज सांभाळण्याचं जास्त राहील, असं तिनं पुण्याच्या एका परिषदेत ऐकलं होतं. सुरुवात विभूती पुसण्यापासून होईल असं तिथं कुणी म्हणालं नव्हतं.

"ठीक आहे, मामा. बटण तुमचं."

शरणम्मांनीही तडजोड केली. विभूती यापुढे प्लेटांखालच्या लोखंडी खांबांना.

फ्यूजही दगडोबाकडे आणि बटणही दगडोबाकडे म्हटल्यावर माणिकप्पांपुढे इलाज उरला नाही. फेटा दगडोबालाच ठरला. सिंधुला नारळ मिळाला आणि ती त्यावर खूश होती.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून चार भोंगे वर्गणीदारांची नावं पुकारत होते. दिवेलागणीच्या आधी पालखी वेशीत आली. माणिकप्पांच्या देणगीचा आकडा अर्ध्यावर असताना भोंगे गप्प झाले. लोकांनी ते पालखीचा मान राखणं समजून हात जोडले. माणिकप्पांनी जरा उशिरा जोडले.

गुलाबी फेटा बांधलेला दगडोबा डीपीपाशी गेला. त्यानं फ्यूज काढला आणि हात वर केला. मग चष्मा लावला, मोबाइल काढला आणि अंगठ्यानं बटण असं दाबलं की जणू खिळा ठोकतोय. सगळं गाव त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतं.

"बंद!" तो ओरडला.

हलगी कडाडली. काठी निघाली. कळस तारांवरून किणकिणत गेला आणि कुणाला काही झालं नाही. गुणाबाई ओट्यावरच्या बायकांना सांगत होती, "आमच्या ह्यांनीच बंद केली. दोन्हीकडची!" माणिकप्पांनी दगडोबाला मिठी मारली. सिंधुनं अहवालासाठी फोटो काढला. त्यात फेटा छान आला आहे.

त्या दिवशी सकाळपासूनच देवणीच्या सबस्टेशनहून भारनियमन होतं आणि बॅटरी भोंग्यांनी संपवली होती. दगडोबानं वीज बंद केली तेव्हा तारेत वीज नव्हती.